अंबूबाईच्या गोळ्या

अंबूबाईने कमरेची चंची सोडली, आतली कागदी पट्टी टर्रकन फाडली आणि पांढरी गोळी झुंबरबाईच्या तळहातावर ठेवली.

“पाणी पी वरून. लवकर. भोंगा होईन आता.”

झुंबरबाईने गोळी तोंडात टाकली, तांब्यातले दोन घोट घेतले आणि फाटकाच्या खांबाला हात टेकून ती तिथेच वाकली.

“काय झालं वं? पाठ दुखाची थांबली नाई अजून?”

“पाठ नाई, बाई. पोटात आग पडून राह्यली. चार दिस झाले.”

अंबूबाईने पट्टीतली आणखी एक गोळी काढली.

“मंग दोन घे. दुखणं कुठलं का असेना, गोळीले काय त्याचं!”

झुंबरबाई हसली आणि तिने दुसरीही गिळली. तेवढ्यात भोंगा झाला आणि दोघी आत गेल्या.

मलकापूरच्या स्टेशनापलीकडे कापसातून सरकी काढायचे जिन होते. जिल्हा परिषद झाली त्याच वर्षीचा तो हिवाळा. कापूस इतका आला होता की आवारात गंज्या मावेनात, आणि बंड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत जाई. गंजीपाशी बसून कापसातली कवडी म्हणजे किडका कापूस, पाला, काडीकचरा निवडायचे काम बायकांचे. दोन-दोन कोसांवरून त्या पहाटे निघून चालत येत. न्याहारी कुणाचीच झालेली नसे. फडक्यात बांधून आणलेली भाकर दुपारच्या सुटीत सुटायची. तोवर नाकातोंडात कापसाची धूळ, कानावर यंत्रांचा आवाज आणि थंडीत आखडलेली पाठ. दहा वाजले की कुणीतरी कपाळ दाबून धरायची.

अंबूबाई चौदा बायकांची मुकादम होती. तिला मूलबाळ नव्हते, नवरा जाऊन बारा वर्षे झाली होती. पूर्वी तिचे डोके असे चढे की भिंतीवर आपटावे वाटे. एकदा रेल्वेच्या चाळीतल्या एका बाईने तिला ही गोळी दिली आणि अर्ध्या तासात डोके उतरले. तेव्हापासून स्टेशनाजवळच्या दुकानातून ती गोळ्या आणू लागली. आधी स्वतःपुरत्या, मग एखादीला नड म्हणून, मग सगळ्यांसाठी. बायका म्हणत, अंबूबाईच्या हाताला गुण आहे. हे ऐकले की तिचा दिवस बरा जाई. शिवाय गोळी घेतलेली बाई उठून सावलीला जाऊन पडत नसे, गंजी वेळेवर संपे आणि मुनीमजी तिच्या रांगेला नावाजत. तेही तिला आवडे. का नाही आवडणार?

झुंबरबाई सगळ्यांत चपळ. दिवाळीनंतर तिची पाठ धरली होती. रोज तीन गोळ्या, कधी चार. घेतली की ती पुन्हा सरळ बसे आणि तिची बोटे पहिल्यासारखी चालू लागत.

फाटकापाशी दोन गोळ्या घेतल्या त्याच्या तिसऱ्या दिवशी, ऊन नुकते गंजीवर आले होते तेव्हा, झुंबरबाई एकाएकी उठली. तिने तोंडावर हात धरला. दोन पावले टाकायच्या आतच तिला उलटी झाली. आधी चहाच्या चोथ्यासारखी काळी आणि मग लाल. समोरचा निवडलेला कापूस भिजला. अंबूबाईने धावत जाऊन तिला मागून धरले, तेव्हा तिच्या अंगाला गार घाम सुटला होता.

रिकाम्या बंडीत घालून तिला दवाखान्यात नेले. निरोप गेला तसा तिचा नवरा पंजाबराव मळ्यातून आला. तो मोताळ्याच्या रस्त्यावर एकाच्या भाजीच्या मळ्यात कामाला होता, पायाला चिखल तसाच होता. मागोमाग सतरा वर्षांची लेक सिंधू आली आणि आईच्या पायाशी खाटेला टेकून उभी राहिली.

डॉक्टर तरुण होते, तिकडचे नव्हते. त्यांनी नाडी पाहिली, पापणी खाली ओढून पाहिली, बाटली लावली.

“बाई, तुम्ही काही गोळ्या घेत होता का? डोक्याच्या, अंगदुखीच्या?”

झुंबरबाईची नजर अंबूबाईवर गेली आणि लगेच तिथून निघाली.

“नाई,” ती म्हणाली.

“आठवून सांगा. कुणी दिल्या असतील.”

“कोण देते आम्हाले गोळ्या?”

अंबूबाईने चंची पदराखाली घेतली. पंजाबराव समोर होता, पोरगी समोर होती. डॉक्टर बाहेर पडले तशी ती त्यांच्या मागे व्हरांड्यात गेली आणि चंचीतली पट्टी काढून तिने त्यांच्यापुढे धरली.

“ह्या घेत होती ती. म्याच देत होती.”

डॉक्टरांनी पट्टी उलटसुलट करून पाहिली.

“किती देत होता?”

“तीन. कधी चार.”

“आठवड्याला?”

“रोज. दिवाळीपासून.”

“जेवणानंतर?”

“नाई. भाकर दुपारी सुटते, साहेब.”

“शौचाला काळं होत होतं का तिला?”

“ते बाई मानूस कोनाले सांगते, साहेब?”

डॉक्टरांनी पट्टी खिडकीत ठेवली. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला.

“ही गोळी विष नाही. मीही देतो लोकांना. पण रिकाम्या पोटी कधी द्यायची नाही. एक घेतली की चार-सहा तास दुसरी घ्यायची नाही. दोन-तीन दिवसांत दुखणं थांबलं नाही, तर गोळी थांबवायची आणि माणसाला इथं आणायचं. आणि पोटात आग होत असली तर हिला शिवायचंसुद्धा नाही. पोटात जखम करते ही. असलेली जखम वाढवते.”

“पोटात आग होते म्हनली,” अंबूबाई म्हणाली, “तवा म्या दोन देल्या.”

तिने खिडकीतली पट्टी उचलली आणि विचारले, “ह्या कागदावर लिहेल राह्यते का हे सारं?”

“थोडंफार. तेही इंग्रजीत,” ते म्हणाले. “विकणाऱ्यालाही वाचता आलं नसतं.” मग जाता जाता थांबले. “सांगितलंत ते बरं केलंत.”

दोन दिवस झुंबरबाई पडून होती. दुसऱ्या दिवशी तिने जरा दूध घेतले, सिंधूला वेणी घालायला सांगितली. तिसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा रक्त सुटले आणि ती गेली.

मयतीहून आल्यावर अंबूबाईने घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या पट्ट्या गोळा केल्या आणि दुसऱ्या दिवशी जिनाच्या बॉयलरच्या आगीत टाकल्या. भोंगा झाला तरी तिने बायकांना गंजीवर बसू दिले नाही.

“आधी भाकर सोडा. दोन घास खा, मंग बसा.”

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. “दुपारी काय खावं मंग?” एकीने विचारले. मुनीमजी दारातून ओरडले. अंबूबाई हलली नाही. तेवढा वेळ रोज जाऊ लागला आणि रोज संध्याकाळी तिच्या रांगेची गंजी उरू लागली. मुनीमजींनी दोनदा बजावले, तिसऱ्यांदा तिच्या रांगेतल्या चार बायका काढून रुक्मिणीबाईच्या रांगेत दिल्या. रुक्मिणीबाई दुसरी मुकादम, पलीकडच्या गंजीवरची.

डोके सगळ्यांचेच दुखत होते. अंबूबाई देत नाही म्हटल्यावर बायका दुकानातून गोळ्या आणू लागल्या. तिच्याच रांगेतल्या आशाबाईने एकदा भर गंजीवर पट्टी फाडली तेव्हा अंबूबाईने तिचा हात धरला.

“उपाशीपोटी घेऊ नको. अन् एकीवर एक तर घेऊच नको.”

“वा वं बाई!” आशाबाईने हात सोडवून घेतला. “तूनंच तर शिकवलं. आता तुह्यापाशी उरल्या नाईत तर आम्हाले ग्यान शिकवते?”

सगळ्या हसल्या. झुंबरबाई कशाने गेली हे सांगायच्याऐवजी अंबूबाई गंजीकडे वळली आणि खाली मान घालून निवडू लागली.

तेरावे झाल्यावर दोन दिवसांनी, दिवेलागणीच्या आधी, पंजाबराव तिच्या दारी आला. टोपी हातात घेऊन ओट्यावर टेकला. अंबूबाईने पाणी दिले, चहा ठेवू लागली तर तो नको म्हणाला.

“सिंधूले कामावर घ्या म्हनून आलो. घरात बसून राह्यते. बोलत नाई, चालत नाई. तिच्या मायच्या जागी बसू द्या तिले.”

“पाठवा,” अंबूबाई म्हणाली. “काऊन नाई?”

“तुमी हाय म्हनून पाठवतो. झुंबरले तुमचा लय आधार होता.”

अंबूबाई चुलीपाशी होती, ती उठून उंबऱ्यात आली. खाली बसली नाही.

“पंजाबराव, माह्यं ऐका. तुमच्या बायकोले म्या गोळ्या देल्या. रोज देल्या, उपाशीपोटी देल्या. त्याच्यानंच तिच्या पोटात जखम झाली. डॉक्टरनं मले सांगितलं. तुमाले सांगाले मले तोंड झालं नाई.”

पंजाबराव टोपीची घडी उलगडत राहिला. मग घडी पुन्हा घातली.

“मले ठाव हाय,” तो म्हणाला.

“डॉक्टर बोलले?”

“तिनंच सांगितलं. दूध घेतलं त्या दिशी. म्हने, अंबूबाईचं नाव कोनापाशी काढू नका. तिनं मुद्दाम थोडंच केलं? पाठ दुखते का म्हनून तेवढी तीच इचारत होती मले.” तो थांबला. “आन ते खरं हाय, बाई. आमच्या घरात कोनी इचारलं नाई तिले. म्या बी नाई.”

बाहेर मालगाडी गेली. अंबूबाईने उंबऱ्याच्या चौकटीला पाठ लावली आणि हळूहळू खाली बसली.

“मंग आज काऊन आले तुमी माह्या दारी?”

“सांगतलं ना. पोरीसाठी.” उठता उठता तो म्हणाला, “सिंधूले म्या काई बोललो नाई. पन ती तवा तिथंच होती, खाटेपाशी. निजली होती का जागी, मले ठाव नाई.”

दुसऱ्या दिवशी अंबूबाई भोंग्याच्या कितीतरी आधी जिनात पोचली. झुंबरबाई बसायची ती जागा गंजीच्या उन्हाकडच्या बाजूला होती. तिने तिथला पाला झाडला, खाली पोते अंथरले आणि त्या जागी कुणाला बसू दिले नाही. बायका आल्या, त्यांनी फडकी सोडली, दोन-दोन घास खाल्ले. कुणी कुरकुरले, तिने लक्ष दिले नाही.

सिंधू उशिरा आली. आईचेच लुगडे नेसली होती, ते तिला मोठे होत होते. फाटकातून ती सरळ आवारात आली. अंबूबाईने पोत्यावरचा हात उचलला आणि ती जराशी पुढे झाली.

पोरगी तिच्यासमोरून गेली. तिने पोत्याकडे पाहिले, अंबूबाईकडे पाहिले, आणि पाय न थांबवता पलीकडच्या गंजीवर जाऊन रुक्मिणीबाईच्या रांगेत शेवटी बसली. पदर खोचला आणि कापूस ओढून घेतला. तिची बोटे चपळ होती.

रुक्मिणीबाई चकित झाली. तिने तिथूनच हाक दिली.

“अंबू! ही झुंबरची लेक ना? ही तं तुह्याकडं येनार होती म्हने. इकडं काऊन बसली?”

दोन्ही रांगांतल्या माना वर झाल्या. सिंधूने मान वर केली नाही, पण तिचे हात थांबले.

“नाई,” अंबूबाई म्हणाली. “म्याच पाठवली तुह्याकडं. माह्याकडं बायका पुष्कळ झाल्या.”

तिच्या रांगेत त्या दिवशी नऊच बायका होत्या. पलीकडे सिंधूचे हात पुन्हा चालू लागले.