ताईच्या बुटांची सुनावणी

माझी ताई सिनेमात चालते. दिसत नाही, फक्त चालते. पडद्यावर नायिका जिना उतरते तेव्हा जो टकटक आवाज येतो, तो ताई नंतर स्टुडिओत, पडद्याकडे बघत, पायात योग्य ते बूट घालून काढते. खलनायकाचं चालणं तिचं, मोलकरणीचं तिचं, आणि एका युद्धपटात अख्खी पलटण तिची. त्यामुळे आमच्या घरात माणसांपेक्षा बूट जास्त. आई त्याला हौस म्हणते.

आईचं एक वेळ ठीक, पण कर खात्यानंही तेच म्हटलं. ताई रोज एकाच स्टुडिओत जाते, म्हणजे ती तिथली नोकरदार. आणि नोकरदार बाईचे बूट ही खासगी हौस, धंद्याचा खर्च नव्हे.

"खर्चाचं सोड रे," ताई धुमसत म्हणाली, "माझ्या अवजारांना हौस म्हणाले!"

सुनावणीला आम्ही बुटांची ट्रंक उचलून नेली. आम्ही म्हणजे मी.

साहेब भले गृहस्थ होते. बिस्किट खात विचारत होते.

"साधनं कुणाची?"

ताईनं ट्रंकेकडे बोट दाखवलं.

"आजारी पडलात तर बदली माणूस कोण पाठवतं? स्टुडिओ?"

"मीच. हा काय, माझा भाऊ."

साहेबांनी मला नखशिखांत न्याहाळलं. "यांना जमतं?"

"एका सिनेमातले सासरे माझे आहेत," मी म्हणालो. "आणि एक म्हैस."

साहेबांनी 'म्हैस' लिहून घेतलं.

"आता मुख्य मुद्दा. कसं चालायचं, हे कोण सांगतं?"

"कोण चालतंय ते स्टुडिओवाले सांगतात. कसं, ते मी ठरवते."

"चालण्यात ठरवायचं काय असतं हो? सगळेच चालतात."

झालं! ताईला असं काही बोलायचं नसतं. तिनं ट्रंकेतून जाड टाचेचा काळा जोड काढला, माझ्या खिशातला किल्ल्यांचा जुडगा घेतला आणि बाहेर गेली.

थोड्या वेळानं कॉरिडॉरमध्ये पावलं वाजली. जड, सावकाश, डावा पाय किंचित घासत, सोबत किल्ल्यांची किणकिण. शेजारच्या खोलीतल्या गप्पा थांबल्या. कुणीतरी मोबाइलवरचं गाणं बंद केलं. आमच्या खोलीतला कारकून भराभर टाइप करायला लागला. कॉम्प्युटर बंद होता, तरीही. साहेबांनी बिस्किट ड्रॉवरमध्ये सरकवलं, कॉलर नीट केली आणि उठून उभे राहिले.

दार उघडून ताई आत आली.

"कोण येत होतं?" साहेबांनी हळूच विचारलं.

"तुम्ही. मी बाहेर बाकावर बसले होते, तेव्हा ये-जा करत होतात ना."

"अगदी तेच!" कारकुनाच्या तोंडून निसटलं. मग तो बंद कॉम्प्युटरवर आणखी जोरात टाइप करू लागला.

साहेब खाली बसले. बराच वेळ स्वतःच्या बुटांकडे बघत राहिले.

"इतका रुबाब आहे माझ्या चालण्यात?"

"आहे तर. मी खोटं चालत नाही."

साहेबांनी छाती पुढे काढून निर्णय लिहिला: स्वतंत्र व्यावसायिक. बूट: साधनसामग्री.

घरी मी आईला सगळं साग्रसंगीत ऐकवलं. संध्याकाळी शेजारच्या काकू दारातले बूट ओलांडत आत आल्या. "काय बाई ही हौस पोरीची!"

आईनं कमरेवर हात ठेवले. "हौस नाही हो, अवजारं आहेत. बघून पाय टाका जरा. माझ्या पोरीसाठी साहेब उठून उभे राहिले आज!"

यात खोटं काहीच नव्हतं. राहिलेच होते.