हात लागलेलं पिल्लू

बोलणाऱ्याची बोरं विकली जातात आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात. झुंबरबाईची करवंदं अशीच पडून राहायची. डोंगरावरून पाटी भरून ती मळवलीच्या स्टेशनात बसे, पण गिऱ्हाइकाला हाक मारायची म्हटलं की तिची जीभ जड व्हायची. त्यात भर म्हणजे वाटेवरची भाजे गावची शाळा. शाळेची मधली सुट्टी होईपर्यंत ती कुंपणाशी रेंगाळायची, तोवर दोन गाड्या येऊन जायच्या. मग करवंदं खपणार कशी?

शाळेत तिची लेक होती. बाया.

नवरा कोंडू गेला तेव्हा बाया नुकती पावलं टाकायला लागली होती. वर्षभरानं भावांनी झुंबरबाईचा बहिरूशी पाट लावून दिला. पाट लागलेल्या बाईनं पहिल्या घरचं पोर न्यायचं नाही, ही रीतच होती. पण बाया जिच्यापाशी राहिली त्या पहिल्या सासूनं, सावित्राबाईनं, वर आणखी बजावलं होतं, की पोरीला शिवायचंही नाही. मेलेल्याचा जीव पोरीपाशी घुटमळतो, दुसऱ्या घरच्या बाईचा हात लागला की खवळतो आणि पोर अंथरूण धरतं. खरं-खोटं देव जाणे. पण ते खरं आहे का हे पोटच्या पोरीवर कोण करून बघेल? म्हणून झुंबरबाई कुंपणाबाहेर उभी राही. डोळ्यांनी बघायला कुणाची बंदी नव्हती. बाया तिला करवंदवाली मावशी म्हणूनच ओळखायची.

आज मात्र ती मनाशी ठरवून आली होती. बहिरूचं नाव रेल्वेच्या गँगवर लागलं होतं, पार तिकडे कसाऱ्याच्या घाटात. उद्या बिऱ्हाड हलणार होतं. आज पोरीला जवळ बोलवायचं आणि सांगून टाकायचं, मी तुझी आय. हात लावायचा नाही, नुसतं सांगायचं. पोरीच्या तोंडून एकदा 'आय' ऐकलं, की मग कसारा काय आणि काशी काय, तिला सगळं सारखंच होतं.

सुट्टी झाली. पोरं मैदानात पांगली आणि बाया एकटीच वळचणीखाली ओंजळ धरून उभी राहिली. ओंजळीत चिमणीचं पिल्लू होतं, कौलांतून पडलेलं, अजून धड पंखही न फुटलेलं. जवळच एक कावळा टपून बसला होता. बाकीच्या पोरांनी निकाल केव्हाच देऊन टाकला होता, की बायानं पिल्लू बाटवलं, माणसाचा हात लागलेलं पिल्लू चिमणी परत घेत नाही, टोचून मारते. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि पोरं गेली विटीदांडू खेळायला.

झुंबरबाई कुंपण ओलांडून आत आली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

"मावशी," बाया रडवेली झाली होती, "कावळा खाईल म्हून म्या उचललं. आता त्याची आय त्याला घ्यायची न्हाई का गं?"

लहानपणापासून झुंबरबाईनंही तेच ऐकलं होतं, आणि तिचा त्यावर विश्वासही होता. तरी ती म्हणाली, "घील."

"कशावरनं?"

"तिच्या पोटचं हाय ते."

तिनं पाटीतली करवंदं पदरात ओतून घेतली, तळाशी वाळकं गवत घातलं आणि पिल्लू घ्यायला हात पुढं केला. बायानं ओंजळ चटकन मागं घेतली.

"तू नगं शिवू. माजा येकटीचा हात लागलाय त्योच लय झाला."

झुंबरबाईनं हात आवरला. तिनं नुसती पाटी धरली आणि बायानं पिल्लू अलगद आत ठेवलं. पोरीचं डोकं आता इतकं जवळ होतं, की केसांना चोपडलेल्या तेलाचा वास येत होता. भांग वाकडा पडला होता. तो नीट करावा म्हणून झुंबरबाईची बोटं शिवशिवत होती, पण तिनं पाटी घट्ट धरून ठेवली. मग व्हरांड्याच्या खांबाला उंचावर खुंटी होती, तिला तिनं पाटी चुंबळीच्या फडक्यानं बांधून टांगली.

आता सांगावं, म्हणून तिनं तोंड उघडलं. तेवढ्यात बायाच बोलली.

"माजी आय मेली. म्या ल्हान व्हते तवाच. आजीनं सांगितलंय, घरात तिचं नाव काडायचं न्हाई."

सासू आपल्याला शिव्या घालत असेल, पोरीचं मन कलुषित करत असेल, एवढं झुंबरबाईनं धरलं होतं. पण आपल्याला मारूनच टाकलं असेल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. आता खरं सांगावं तर आजी खोटी पडणार. आणि उद्यापासून पोरीला त्या आजीवाचून होतं कोण? तिनं तोंडाशी आलेला शब्द गिळला.

वर चिमणी चोचीत अळी धरून घिरट्या घालत होती. बसत मात्र नव्हती.

"मावशी, तू जरा लांब जा की," बाया हळूच म्हणाली. "तू हितं हाईस तवर त्याची आय यायची न्हाई."

झुंबरबाई गेली. कुंपणापर्यंत गेली आणि तिथून बघत राहिली. बाया दाराआड लपली. चिमणी आधी कौलावर बसली, मग वाशावर, मग पाटीच्या काठावर. तिथं बराच वेळ नुसती मान वळवत राहिली. शेवटी चिमणीनं मान आत घातली, आणि चोच वर आली तेव्हा तीत अळी नव्हती.

बाया धावत कुंपणाशी आली. "घेतलं, मावशी. हात लागलेलं बी घेतलं." एवढं चांगलं झालं तरी मावशी डोळे का पुसते आहे, ते तिला कळेना.

घंटा झाली.

"तुजी पाटी?"

"ऱ्हाऊ दे त्याला."

"म्या आजीला समदं सांगनार हाय. तुजं नाव काय?"

झुंबरबाईनं हाताशी आलेली कुंपणाची काटकी मोडली. मग म्हणाली, "झुंबर. आजीला म्हणावं, झुंबरबाई आलती."

विसरू नये म्हणून बाया पाढ्यासारखं ते नाव घोकत वर्गाकडं पळाली. आय म्हणून हाक ऐकायला आलेली बाई लेकीच्या तोंडून आपलं नाव ऐकत उभी राहिली, वर्गाच्या गलक्यात ते मिसळून जाईपर्यंत. आज संध्याकाळी त्या घरात हे नाव घेतलं जाणार होतं. मग सावित्राबाई पोरीला खरं सांगेल की आणखी एक खोटं, ते कळायला झुंबरबाई इथं नसणार होती.