लग्नासाठीची ठेव

संजीवनीला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं. वाटत काय होतं, मोरीत जाऊन दोनदा तिनं मारूनही घेतली होती.

पोरीला चेन्नईच्या गणिताच्या कॉलेजात जागा मिळाली होती. अख्ख्या देशातून चाळीस पोरं घेतात, त्यात बारामतीच्या भाड्याच्या खोलीत राहणारी संस्कृती! पहिल्या वर्षाचे दीड लाख अठ्ठावीस तारखेच्या आत भरायचे होते. संजीवनी एमआयडीसीत कपड्यांच्या कंपनीत शिलाई मारायची, हातात बारा हजार यायचे. कर्जाला बँक बापाची सही मागत होती.

आणि पैसे होते हो! तीच तर आग होती. आठ लाखांची ठेव बँकेत पडून होती, पण ती लग्नासाठी.

त्याचं झालं असं. नवऱ्यानं, रविराजनं, पळसदेवच्या घरात दुसरी आणून बसवली, तेव्हा राजीखुशीनं काडीमोड घ्यायचं ठरलं. कोर्टात जायच्या आधी संजीवनीच्या माहेरी, निरवांगीला, बैठक बसली. पाचसात जाणती माणसं, वकील, मधे पानाचं तबक. थोरला भाऊ रामहरी घसा खाकरून म्हणाला, "पोरीचं काय?"

"शिक्षणाला देतो की," रविराज म्हणाला. खरंच म्हणाला तो.

आणि ही शहाणी पदर सावरून पुढं झाली. "शिक्षणाचं माझं मी बघते. लग्नाचं लिहून द्या. बाप सोडून गेला म्हणून माझ्या पोरीचं लग्न कुणी देवळात उरकायला नको."

सगळ्यांनी माना डोलावल्या. बाई किती समजूतदार! वकिलानं लिहिलं: रविराजनं आठ लाख भरायचे, ठेव नवराबायको दोघांच्या नावावर, मोडायची ती मुलीच्या लग्नालाच, दोघांच्या सहीनं. संस्कृती चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

कोर्टाची शेवटची तारीख अजून बाकी होती. संजीवनी वकिलाकडं धावली. तो म्हणाला, "आता कलम बदलायला गेलात तर नवरा घटस्फोटाची संमती मागं घेईल. मग बसा वर्षानुवर्षं तारखा करत." रामहरीनं तर हातच झटकले. "पोरीच्या जातीला एवढ्या लांब कशाला? बारामतीत कालेजं काय थोडी हायती?"

शेवटी तिनं नाक मुठीत धरून रविराजला फोन लावला.

"अहो, त्या ठेवीवर सही करा. फी भरायची हाय."

"करतो की. लग्न ठरवा, लगीच करतो. तूच लिहून घेतलंस न्हवं?"

"पोरीच्या आयुष्याचा प्रश्न हाय!"

"मग स्थळ हाय माझ्याकडं. आमच्या नव्या बायकोच्या भावाचा पोरगा, सूरज. पंचवीस एकर ऊस हाय. बोलू का?"

"मुडदा बशिवला तुझा!" असं ओरडून तिनं फोन आपटला आणि तोंडात पदर कोंबून रडली. पोरगी शेजारीच बसली होती. तिनं सगळं ऐकलं.

कानातलं विकून, कंपनीतून उचल घेऊन साठ हजार जमले. सव्वीस तारखेला संजीवनी अर्धी सुट्टी टाकून घरी आली, तर संस्कृतीचा पत्ता नाही. अडीचच्या सुमाराला ती इंदापूरच्या एसटीतून उतरून आली आणि आईपुढं एक कागद ठेवला. ठेव मोडायचा अर्ज. खाली रविराजची सही.

"अगं बाई! पाझर फुटला म्हणायचा!" संजीवनीनं तिच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "शेवटी बाप हाय तो."

संस्कृती तांब्यानं पाणी प्याली. "मी हो म्हणून आले."

"कशाला?"

"सूरजला. दिवाळीत साखरपुडा. लग्न मात्र डिग्री झाल्यावर, तेवढं मी लिहून घेतलंय. तुझ्यासारखं."

संजीवनीनं तिचा दंड धरला. "कारटे! मला विचारायचंस तरी!"

"तू मला विचारलं होतंस?"

कागद टराटरा फाडावा असं तिच्या मनात आलं, हातही पुढं झाला. पण बँक चारला बंद होत होती, उद्या चौथा शनिवार, परवा रविवार. अर्जावर कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, मुलीचे लग्न. त्याच्याखाली संजीवनीनं आपली सही केली.