पट्टीचे मागचे टोक

मित्रांनो, तुम्ही बाकावर बसून हे वाचत असाल, तर जरा पायांखालची फरशी बघा. शाळेत बाके नव्हती त्या काळी याच जमिनीवर मला अंथरत आणि तुमच्यासारखी मुले माझ्यावर मांडी घालून बसत. मी तरटपट्टी. खरे सांगायचे तर आता तिचे नुसते मागचे टोक. पुढचा भाग माझ्यापासून वेगळा कसा झाला, तेच सांगायचे आहे.

मी मूळची अंबाडीची. पाण्यात कुजवून, सोलून, वळून माझी सुतळी झाली आणि मागावर माझी पट्टी. औशाच्या बाजारातून बैलगाडीने मी एका खेड्यातल्या सरकारी शाळेत आले. सातवीच्या वर्गात फळ्यापासून थेट मागच्या भिंतीपर्यंत मी पुरले. नवी होते तेव्हा माझ्यावर नाक घासून मुले म्हणत, "आज गुरुजींनी अंबाडीची भाजी अंथरली!"

मुख्याध्यापक मार्तंड गुरुजी औशाहून सायकलीने येत. माणूस कष्टाळू. जात विचारून त्यांनी कोणाला कुठे बसवले नाही. नियम साधा: चाचणीत गुण जास्त तो पुढे, कमी तो मागे. तरीही दर चाचणीनंतर फळ्याजवळ तलाठ्याचा, दुकानदाराचा, गुरुजींच्या नात्यातला मुलगा येई आणि भिंतीजवळ वस्तीवरची मुले. ज्या घरी संध्याकाळी कंदिलात रॉकेल असे, त्या घरी गुण जात. हे मला खाली पडल्यापडल्या समजले. वरून पाहणाऱ्यांना ते दिसत नव्हते.

हा क्रम एकाच मुलीने मोडला. बौद्धवस्तीतल्या सुमनबाईंची पंचशीला. ती फळ्याच्या अगदी पुढ्यात बसे. गणित सुटेपर्यंत बोटाने माझ्यावर आकडे गिरवी आणि सुटले की थाप मारी. सातवीच्या शिष्यवृत्तीवर तिची सारी भिस्त होती. ती मिळाली, तर औशाच्या हायस्कुलात जाता येणार होते. नाही तर आईबरोबर मजुरीला.

लातूर हा नवा जिल्हा झाला, तेव्हा शाळेत उधळलेल्या गुलालाचे डाग अजून माझ्या अंगावर होते. पाऊस मात्र नव्या जिल्ह्याला ओळख देईना. टँकर आधी गावात रिता होई. उरलेसुरले पाणी वस्तीवर पोचेपर्यंत शाळेची दुसरी घंटा झालेली असे. सुमनबाई खडी फोडायला गेलेल्या. घागरी भरणे पंचशीलाकडे. उशिरा येणाऱ्याने मागे बसावे, हाही नियमच होता. अशी ती माझ्या टोकाला आली. तिथून फळा नीट दिसत नसे. मधल्या सुट्टीत तलाठ्याचा अवधूत मात्र पाटी घेऊन मागे येई.

"पंचे, हे अपूर्णांकाचं समजून सांग की."

"आधी डब्यातली शेंगाची चटणी काढ. फुकटात न्हाई!"

त्या वर्षी वरून कळले, की शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसलेली सगळी मुले उत्तीर्ण होतील त्या शाळेचा जिल्ह्याच्या गावी सत्कार होणार. गुरुजींनी विचार केला आणि खात्रीच्या मुलांचीच नावे पाठवायचे ठरवले. त्याच आठवड्यात साहेब तपासणीला यायचे होते. आदल्या दिवशी गुरुजींनी शिपायाला बोलावले.

"पंढरी, हे उसवलेले टोक कापून टाक. साहेबांच्या नजरेस पडायला नको."

"कापतो गुरुजी. पण मागली पोरं कशावर बसवायची?"

"मागच्यांना उद्या सुट्टी दिली आहे."

विळा बोथट होता. बराच वेळ लागला. मला त्याने कुंपणाशी टाकले.

दुसऱ्या दिवशी वर्गाच्या दारातच सुट्टीचे आणि परीक्षेच्या यादीचे ऐकून परत फिरलेल्या पंचशीलाने मला उचलले, झटकले आणि काखेत धरले. मग ती आईला घेऊनच पुन्हा आली. तोवर साहेबांची जीप निघून गेली होती.

"गुरुजी, पोरीचं नाव धाडलं न्हाई म्हणं?"

"सुमनबाई, तिची हजेरी बघा. एक मुलगी नापास झाली, तरी साऱ्या शाळेचा टक्का उतरतो."

"टँकर काय माझ्या लेकीच्या हुकमात हाय? आन् नापास झाली तर होऊ द्या की! परीक्षा तर बघू द्या तिला."

गुरुजी हातावरचा खडू झटकत राहिले. "पुढच्या वर्षी बघू."

"पुढल्या साली सातवी कुठून आणू, गुरुजी?"

गुरुजींनी हजेरीपट मिटला. माझ्याभोवतीचा पंचशीलाचा हात घट्ट झाला.

उन्हाळ्यात ती मला खडीवर घेऊन गेली. दगड तापत, माझी घडी करून ती वर बसे. रस्ता लातूरकडे जाणारा होता. एके सकाळी एक जीप खडीच्या ढिगाशी अडली. आत गुरुजी आणि धुतल्या कपड्यांतली मुले. शाळेचा निकाल शंभर टक्के लागला होता. अवधूत खिडकीतून आनंदाने ओरडला, "पंचे, ते अपूर्णांकाचंच आलं होतं!"

"मंग, सुटलं का?"

"सुटलं की! तू सांगितलं तसंच."

"बरं झालं," ती म्हणाली. गुरुजी दुसऱ्या बाजूच्या उघड्या माळाकडे पाहत होते. जीप गेली. धूळ खाली बसायच्या आत सुमनबाई म्हणाल्या, "हात चालव, बाई." बोटाने आकडे गिरवणे तिने त्या दिवसापासून सोडले.

पुढे एकदा पंढरी त्या वाटेने जाताना थांबला. माझ्याकडे बघून म्हणाला, "शाळेतली पट्टी पुन्हा मागून उसवली. गुरुजींनी आणिक कापायला लावली."

उसवणारच. विणलेल्या वस्तूला टाके घालायचे सोडून ती कापली, तर सुते त्या नव्या कडेपासून सुटू लागतात. जे टोक टाकून दिले, त्याच्या जागी दुसरे टोक तयार होते.

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या भिंतीवर 'शंभर टक्के' असे रंगवलेले असेल, तर टाळ्या वाजवण्याआधी एकदा मान वळवा. शेवटचे मूल आणि मागची भिंत यांच्यामध्ये किती जागा मोकळी आहे, ते बघा. एके काळी मी तिथपर्यंत पुरत होते.