बिस्किटाची चित्राहुती

निवेदिता मॅडमचं ऑफिस शहराच्या नव्या भागात, सिगऱ्याला, मोबाइलच्या दुकानाच्या वर. मुलांना चांगल्या शाळेत प्रवेश मिळवून देणं हा बाईंचा धंदा, आणि भिंतीवर टाय लावलेल्या मुलांचे फोटो, देव्हाऱ्यात टाक मांडावेत तसे ओळीने मांडलेले. बाईंचं माहेर ब्रह्माघाटाचं, म्हणजे मुलीच्या प्रवेशासाठी आलेल्या मालविकाच्या सासरच्या दुर्गाघाटापासून हाकेच्या अंतरावर. पण तो विषय निघाला की बाईंना एकदम एसीचा रिमोट सापडेनासा व्हायचा.

"मिस्टर काय करतात?"

"भिक्षुकी. सासरेही तेच. महाराष्ट्रातून यात्रेकरू येतात, त्यांची श्राद्धं, अभिषेक…"

"श्राद्ध हा शब्द शाळेच्या मुलाखतीत काढायचाच नाही, मालविका. कल्चरल टूरिझम म्हणायचं."

मालविकाने मान डोलावली. हिच्या पितरांना वर जाताना बोर्डिंग पास लागला असणार, असं तिच्या मनात आलं, आणि ते बोलता येत नाही म्हणून तिला आणखीनच राग आला. शेजारच्या खुर्चीवर एक साडीवाल्याची बायको आपल्या मुलाकडून "माय फेवरेट फ्रूट इज किवी" घोकून घेत होती. त्या पोराने किवी चित्रातसुद्धा पाहिलं नसावं. आई मात्र डोळे मिटून ऐकत होती, आरती ऐकावी तशी.

ह्या सगळ्यांची तिला किळस यायची आणि तरी ती येत राहिली. कारण साधं होतं. इतिहासात एम.ए. होऊन ती रोज सकाळी यात्रेकरूंच्या पिंडांसाठी भात शिजवत होती. तिच्या मुलीने, मुक्ताने, तो शिजवू नये. हवी होती त्या शाळेची बस मैदागिनच्या हमरस्त्यापर्यंत येते, आणि तिथून पुढे मुक्ताचा रस्ता दुर्गाघाटाच्या गल्लीत परत वळू नये, एवढंच तिला हवं होतं.

"सगळ्यात इम्पॉर्टंट, बिस्किट," मॅडम म्हणाल्या. "टेबलावर प्लेट ठेवतील. मुलगी काय करते ते बघतात. आधी समोरच्या मॅमना द्यायचं, मग एक घ्यायचं, थँक्यू म्हणायचं, चुरा सांडायचा नाही. आपल्या लोकांची मुलं तिथेच मार खातात."

आपल्या लोकांची, म्हणे. तेवढ्यापुरती बाई आपली.

मालविकाने घरी बिस्किटांची तालीम घेतली. मुक्ता शहाणी, सगळं बरोबर करायची. तालमीत एकच गोष्ट राहून गेली. ती बिस्किटं मुक्ताने उभ्याउभ्या, खेळता खेळता खाल्ली होती. प्लेट पुढे ठेवून, खुर्चीवर बसून एकदाही नाही.

आणि पुढ्यात ताट आलं की काय करायचं, ते मुक्ताला कधीच शिकवावं लागलं नव्हतं. ती रोज आजोबांच्या शेजारी जेवायला बसे. वेणीमाधवशास्त्री ताटाभोवती पाणी फिरवत, उजव्या बाजूला भाताची शितं ठेवत, मगच पहिला घास. चित्राहुती. मुलींनी घालायची नसते, असं कुणी म्हणालं की शास्त्री हसत आणि म्हणत, "घालू दे रे. देव काय जानवं तपासतो?"

मुलाखतीच्या दिवशी शाळेत प्रिन्सिपल मॅम गोड होत्या. मालविकाच्या नवऱ्याने, देवदत्तने, कल्चरल टूरिझम हा शब्द घाम पुसत पुसत उच्चारला. मुक्ताने नाव सांगितलं, रंग सांगितले. मग प्लेट आली. मुक्ताने मॅमना बिस्किट दिलं, थँक्यू म्हटलं, आणि खुर्चीवर नीट मांडी घातली. आपल्या बाटलीतून तळहातावर पाणी घेतलं आणि प्लेटभोवती फिरवलं. पॉलिश केलेल्या टेबलावर पाण्याचं कडं उमटलं. मग बिस्किटाचे बारीक तुकडे मोडून तिने उजव्या हाताला एका ओळीत ठेवले आणि हात जोडले.

"ये क्या कर रही है बेटा?" मॅमनी विचारलं. आवाजात राग नव्हता, कुतूहल होतं. हे मालविकाच्या नंतर लक्षात आलं.

देवदत्तने तोंड उघडलं. पण त्याच्या आधी मालविकाचा हात टिशूकडे गेला होता. "सॉरी मॅम. वो हमारी मेड है न, उसकी आदत लग गई है. मना करते हैं."

टिशूने तिने पाणी पुसलं, तुकडे गोळा केले. दुर्गाघाटच्या त्या घरात कामाला बाई कधीच नव्हती. भांडी मालविका घासायची.

"मेड चेंज कर लीजिए," मॅम हसून म्हणाल्या.

प्रवेश तिथल्या तिथे मिळाला. निवेदिता मॅडमना फोनवर सगळं सांगितलं तेव्हा त्या खूश झाल्या. "मेड म्हणालात? छान सुचलं हो. पुढच्या मदर्सना मी हेच सांगत जाईन." आणि मग अगदी माहेरच्या आवाजात, "आमचे अण्णापण घालायचे गं चित्राहुती."

मालविकाने फोन ठेवला. ह्या बाईला मनातल्या मनात मारायला तिच्याकडे एरवी कितीतरी शब्द असत. आज एकही सापडेना.

त्याच दुपारी घरी पानं वाढली. शास्त्रींनी पाणी फिरवलं, शितं ठेवली, आणि सवयीने नातीच्या ताटाकडे वळून थांबले. मुक्ता हात मांडीवर ठेवून बसली होती.

"काय मुक्ताबाई, विसरलात?"

"ते मेड करते," मुक्ता म्हणाली. "गंदी आदत है."

"कोण मेड?"

"मला नाही माहीत. आईला विचारा."

देवदत्त आमटीत भात कालवत राहिला.  शास्त्रींनी सुनेकडे भात मागितला, तिने वाढला. जेवण झाल्यावर शितं उचलून खिडकीत चिमण्यांना ठेवायचं काम मुक्ताचं असे, पण मुक्ता केव्हाच उठून गेली होती. मालविका खाली बसली. इथे टिशू नव्हता. ओली शितं तिने बोटांनी एकेक करून उचलली.