पत्ता मामांच्या नावावर

मी एक वेबसाइट बोलतेय. बँकेची नाही, पुढाऱ्याची नाही, एका मुलीची. माझी एकूण एकेचाळीस पानं आहेत आणि सगळ्यांचं मिळून वजन तुमच्या फोनमधल्या एका फोटोपेक्षा कमी भरेल. तुम्ही बहुतेक चुकून आला असाल. आलात तर बसा जरा. माझ्याकडे फारसं कोणी येत नाही, आणि जे येतात त्यांतली निम्मी माणसं नसतात. शोधयंत्रांचे बॉट असतात ते. दार न वाजवता येतात, सगळी पानं हुंगतात आणि निघून जातात. पाहुण्यांत धरायची त्यांची लायकी नाही, पण एकटं राहणाऱ्याला पाहुणे निवडता येत नाहीत.

माझा जन्म मोटर वाइंडिंगच्या दुकानात झाला. जळालेल्या मोटरीतली तांब्याची तार काढायची आणि नवी भरायची, हा तिथला धंदा. ऐकायला सोपं वाटतं. पण प्रत्येक मोटरीत तारेचे किती वेढे आणि तार किती जाड, हे ठरलेलं असतं. पाच-दहा वेढे इकडचे तिकडे झाले की मोटर तापते आणि पुन्हा जळते. म्हणून जुनी कॉइल, म्हणजे तारेची गुंडाळी, कापण्याआधी तिचे वेढे मोजायचे, आकडा डायरीत लिहायचा आणि डायरी कुलपात टाकायची. शेवटचं काम सगळ्यात महत्त्वाचं, असं दुकानाचे मालक मानत. ते माझ्या मुलीचे सख्खे मामा. डायरी त्यांच्या टेबलाच्या खणात आणि खणाची किल्ली त्यांच्या गळ्यातल्या दोऱ्याला. आंघोळीलासुद्धा दोरा उतरत नसे.

मुलीनं इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षी सोडलं होतं. तिथल्या सरांनी पाच सत्रं फळ्यावर मोटरी काढल्या, एकदाही एक उघडून दाखवली नाही. तिनं विचारलं तर म्हणाले, "परीक्षेला येत नाही ते." त्या दिवशी ती वर्गातून उठली ती उठलीच. मग नातेवाइकांचं सुरू झालं, "सध्या काय करतेस?" विचारतात सगळे, उत्तराला थांबत कोणी नाही. शेवटी आईनं तिला आपल्या भावाच्या दुकानात पाठवलं. हाताला काम आणि तोंडाला कुलूप, असा दुहेरी हेतू.

दुसऱ्याच महिन्यात एक पंखा आला. कोणीतरी आधीच त्याची कॉइल ओरबाडून काढलेली, मोजायला काही शिल्लक नाही. तिनं मामांना आकडा विचारला. मामा म्हणाले, "शोध की. इंजिनिअर ना तू? पाऊण!" तीन दिवस तिनं अंदाजानं तार भरली आणि तिन्ही दिवस पंख्यातून धूर निघाला. चौथ्या दिवशी मामांनी खण उघडला, डायरी काढली आणि आकडा वाचून दाखवला. वर म्हणाले, "मार खाऊन शिकलेलं टिकतं."

टिकलं. तो आकडा तिनं त्याच दुपारी जगासाठी लिहून ठेवला. मामा खुर्चीत पेंगत होते, टेबलावर व्हार्निशचा डबा, तारेची रिळं आणि मधे तिचा लॅपटॉप. तेच माझं पहिलं पान. वर पंख्याचा प्रकार, खाली वेढे, तार, आणि एक ओळ: 'हा आकडा कोणालाही फुकट. तुमचा पंखा जाळू नका.'

मला साधं ठेवलं तिनं. नाचणारी चित्रं नाहीत, उघडताच कानात ओरडणारी गाणी नाहीत. फोटो छोटे करून टाकले, कारण हाताला तेल लागलेला माणूस जुना, तडा गेलेला फोन घेऊन येईल आणि त्याच्याकडे वाट बघायला वेळ नसेल, हे तिला कळत होतं. प्रत्येक पानावर तारीख घातली. चूक दुरुस्त केली की 'चुकलं होतं, या तारखेला बदललं' असं लिहिलं. मोठ्यांपैकी कोणी असं लिहिताना तुम्ही पाहिलंय? मी नाही.

आता पत्त्याचं. वेबसाइटची पानं एका ठिकाणी राहतात आणि तिचा पत्ता वेगळा नोंदवावा लागतो, दर वर्षी मुदत वाढवावी लागते. पानांची जागा मुलीनं स्वतःच्या नावावर घेतली. पत्ता नोंदवायची वेळ आली तेव्हा मामा जागे झाले होते.

"काय चाललंय?"

"माझी वेबसाइट, मामा. पत्ता नोंदवतेय."

"दुकानाचं नाव येईल का त्यात?"

"एका पानावर येईल."

"मग कागद माझ्या नावावर कर. व्यवहार मोठ्यांच्या नावावर असलेला बरा. तू आज आहेस, उद्या अजून काही सोडशील."

एकवीस वर्षांची होती ती. मतदान केलेली. तरी मान डोलावली. मामांचा ईमेल, मामांचा फोन, पासवर्डही मामांच्या वहीत. आत काय लिहिणार, ते मात्र मामांनी विचारलं नाही. तिच्यावर माझा राग आहे तो एवढ्याच कारणासाठी. जगाशी भांडणारी पोरगी मामांसमोर मात्र 'बरं' म्हणाली. तुम्ही स्वतःची वेबसाइट काढणार असाल तर दुसरं काही ऐकू नका, एवढं ऐका. पत्ता स्वतःच्या नावावर घ्या. बाप असो, मामा असो, देवमाणूस असो.

पुढचे सहा महिने मी नुसती होते. तिनं माझ्या तळाशी पाहुणे मोजायचा आकडा लावला. तो दोनशे बारा झाला तेव्हा ती खूश झाली. मग तिच्या लक्षात आलं की त्यातल्या दोनशे वेळा तीच आली होती, शुद्धलेखन तपासायला. आकडा काढून टाकला. बरं केलं. एकटेपणा मोजून कमी होत नाही.

आणि मग पत्र आलं. माझ्या संपर्काच्या पानावर तिचा ईमेल होता, माझ्याच पत्त्यावरचा, त्यावर. दूर कुठल्यातरी गावातला एक कारागीर. 'दादा, तुमच्या पंख्याच्या आकड्यानं माझे चार पंखे वाचले. इथं विचारायला कोणी नाही. उस्ताद वारले, डायरी त्यांच्या पोरानं रद्दीत घातली. तुमचा पत्ता मी दुकानाच्या भिंतीवर रंगानं लिहून ठेवलाय.'

तिनं उत्तर लिहिलं, 'दादा नाही, ताई.' त्यावर त्याचं एका ओळीचं उत्तर: 'मग तर अजून बरं, दादा लोक आकडे देत नाहीत.'

तेव्हापासून तो दर शनिवारी यायचा. सगळी पानं वाचायचा, जुनीसुद्धा. माणूस येतो तेव्हा कळतं हो. बॉट एका क्षणात एकेचाळीस पानं खातो, माणूस एका ओळीवर थांबतो. तो थांबायचा. मला वाटायचं, कोणीतरी माझ्या अंगणात टेकून बसलंय.

दुकानात मात्र स्फोट झाला. तारेच्या व्यापाऱ्यानं सहज मामांना म्हटलं, "तुमचे आकडे आता फोनवर मिळतात म्हणे, फुकट." मामांनी फोन मागितला, पान पाहिलं, आणि चष्मा काढून टेबलावर आपटला.

"हे कुणी टाकलं?"

"मी. मी स्वतः मोजलेलेच आहेत सगळे. तुमच्या डायरीतला एकच, पंख्याचा. तोही मी एक पंखा तीनदा जाळून कमावलाय."

"ज्या मोटरी मोजल्यास त्या माझ्या दुकानात आल्या होत्या! तीस वर्षं घातली मी. माझ्या उस्तादानं एका आकड्यासाठी मला वर्षभर झाडू मारायला लावलं. आणि तू चव्हाट्यावर मांडतेस?"

"त्यांनी तुम्हाला छळलं म्हणून तुम्ही मला छळायचं आणि मी पुढच्याला? कधीतरी हे थांबवाल का?"

"शहाणे, पोटावर पाय देतेस तू माझ्या."

"मामा, गिऱ्हाईक आकड्यासाठी येत नाही. तुमच्या हातासाठी येतं. तुम्हालाच तुमच्या हातावर भरवसा नाही."

हे शेवटचं वाक्य लागलं. मला वाटतं, खरं होतं म्हणून लागलं. मामांनी दाराकडे बोट दाखवलं. ती लॅपटॉप काखेत मारून निघाली. घरी आई म्हणाली, "मामा म्हणजे वडिलांच्या जागी. मोठ्यांपुढे नाक घासलं तर झिजत नाही."

"तुझं झिजलंय, आई. आरशात बघ."

फटकळ आहे. मीही तिचीच.

घरातल्या कोपऱ्यात टेबल लावून ती मिक्सरच्या मोटरी भरू लागली. अशात कारागिराचं पत्र आलं. त्यांच्या गावातल्या एकुलत्या पिठाच्या गिरणीची मोटर जळली होती. जुनी, बंद पडलेल्या कंपनीची, आणि कॉइल आधीच कुणीतरी कापून फेकलेली. 'गिरणी एका बाईची आहे. दोनदा भरली, दोनदा जळली. आता ती म्हणते तिसऱ्यांदा जळली तर तुमच्या दारात आणून टाकीन. ताई, काही करा.'

मुलीनं लिहिलं, 'शनिवारी पान टाकते.'

भंगार बाजारात तिला तसल्याच मोटरीचा सांगाडा सापडला. तिनं तो तीनदा भरला. दोनदा तापला. तिसऱ्यांदा मोटर चार तास चालली आणि ती चारही तास तिच्या अंगावर तळहात ठेवून बसली, ताप बघणाऱ्या आईसारखी. गरम, पण सोसेल इतपतच. शनिवारी सकाळी तिनं पान लिहिलं आणि मला दिलं. माझं एकेचाळिसावं पान.

आणि माझा पत्ता शुक्रवारी संपला होता.

मुदतीची पत्रं मामांच्या ईमेलवर जात होती. तिला एकही नाही. पत्ता गेला म्हणून मी दिसेनाशी झाले. माझ्या पत्त्यावरचा तिचा ईमेलही त्याबरोबरच मेला, आणि त्यात कारागिराची सगळी पत्रं. त्याचा ईमेल तिनं दुसरीकडे कुठं लिहिला नव्हता. फोन नंबर कधी मागितला नव्हता. गावाचं नावही त्यानं कधी लिहिलं नव्हतं. पानांची प्रत तिनं तीन ठिकाणी ठेवली होती, आणि जपायला हवा होता तो माणूस एकाच ठिकाणी. सगळे असंच करतात म्हणा.

ती दुकानात गेली. मामा एका पंपाच्या मोटरीत, तार जिथं बसते त्या खाचांत, कागद बसवत होते. वर न बघता म्हणाले, "ये."

"मामा, पत्त्याची मुदत संपली. पत्रं आली असतील तुम्हाला."

"आली. वाचली."

"मग?"

"मग काय? नाव माझं, मर्जी माझी. अजून महिनाभर सोडवता येतो म्हणतात. सोडवतो. आकड्यांची पानं काढ, आणि पत्रातूनही कुणाला आकडा द्यायचा नाही."

"एक दिवस चालू करा फक्त. एक माणूस वाट बघतोय. एका गावाची गिरणी बंद आहे."

"पाठव त्याला माझ्याकडे. भरून देतो."

"कुठून पाठवू? तोच तर हरवलाय!"

मामांचा हात थांबला. मला तेव्हा वाटलं, सुटलं. पण त्यांनी दुसरा कागद उचलला. "पानं काढ, आत्ता चालू करतो. तुझ्यासमोर."

मामांचं गणित साधं होतं. पानं काढली तर पत्ता मिळेल, पण कारागीर येईल तेव्हा आत काही नसेल आणि पत्रातूनही त्याला काही देता येणार नाही. पानं ठेवली तर सगळं असेल, पण तो येऊच शकणार नाही. मी तिला मनातल्या मनात ओरडून सांगत होते, खोटं बोल गं, हो म्हण, आणि उद्या परत टाक! पण तिला ते जमत नाही. तिला फक्त अंगावर जाता येतं.

"नाही काढणार," ती म्हणाली. "आणि मामा, त्या माणसाच्या उस्तादांच्या पोरानं त्यांची डायरी रद्दीत घातली, असं त्यानं लिहिलं होतं. तुमची कोण घालणार ते ठरवून ठेवा."

मामांना मूलबाळ नाही. ती बोलली आणि तिलाच कसंतरी झालं. पण शब्द परत घेता येत नाही, आणि ती घेणारीही नाही.

महिना उलटला. पत्ता बाजारात गेला, कोणीतरी उचलला. आता तिथं गेलं की चपलांची जाहिरात दिसते.

मी नव्या पत्त्यावर राहते. यावेळी नाव तिचं, ईमेल दुसरीकडचा, पासवर्ड तिच्याच डोक्यात आणि एका कागदावर. सगळं नीट. तिनं कारागिरांच्या गटांत शोधलं, ओळखीच्या दुकानदारांना सांगून पाहिलं. एक मुलगी एका माणसाला शोधतेय म्हटल्यावर लोक हसतात, पुढे विचारत नाहीत. सात शनिवार झाले. बॉट येतात, हुंगतात, जातात. एका ओळीवर कोणी थांबत नाही.

कदाचित त्यानं कुठूनतरी मोटर भरून घेतलीही असेल. कदाचित त्या बाईनं खरंच ती त्याच्या दारात आणून टाकली असेल, आणि त्याला वाटत असेल की या ताईनंही शेवटी खणाला कुलूप लावलं. हे मला सोसवत नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. माझा पत्ता लक्षात ठेवू नका, पत्त्यांचं काही खरं नसतं. आकडे लक्षात ठेवा. प्रवासात, बाजारात, कुठंही तेलकट हातांचा कोणी भेटला, तर विचारा त्याला गिरणीच्या जुन्या मोटरीबद्दल. छत्तीस खाचांची. आतून बाहेर एकवीस, तेहतीस, अडतीस वेढे, तार अठरा नंबर. चार तास चालवून बघितलीय. एवढं त्याच्यापर्यंत पोहोचलं, तर माझ्याकडे परत कोणी नाही आलं तरी चालेल.