दादा विमानात असताना

सकाळी साडेदहाला दादाचा फोन आला. विमान बदलायला मधल्या एका विमानतळावर तो सहा तास अडकून पडला होता, आता कुठे दुसऱ्या विमानात चढत होता.

"सात तासांचं विमान, पुढे तासभर. साडेसहाला मी बाबांपुढे उभा असेन. तोवर मास्क काढू द्यायचा नाही. शब्द दे."

"दिला," धाकटी बहीण म्हणाली. फोन बंद झाला.

बाबांची फुप्फुसं पार कामातून गेली होती. तोंडावर घट्ट आवळलेल्या मास्कमधून यंत्र हवा आत रेटत होतं. नाकाच्या हाडावरची कातडी सोलवटली होती. दोनदा त्यांनी मास्क ओढून काढला, तेव्हापासून त्यांचे हात पट्ट्यांनी पलंगाला बांधले होते. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. "मास्क ठेवला तर एक-दोन दिवस, काढला तर काही तास. बरे होणार नाहीत. शुद्धीवर आहेत, त्यांनाच विचारा."

बाराच्या सुमाराला तोंड पुसायला नर्सने मास्क जरा उचलला.

"दादा कुठवर?" बाबांनी विचारलं.

"निघालाय. घरापासून घरापर्यंत अकरा हजार चारशे किलोमीटर, बाबा."

जन्मभर बस चालवलेला माणूस तो. ओठ जरासे हलले. "माझं दोन महिन्यांचं काम." मग धाप लागली. "पाणी दे. आणि हे परत लावू नको."

"सहाच तास राहिलेत हो."

"तुला सहाच." त्यांनी मान फिरवली. "मला नको."

तिने पायथ्याशी बसलेल्या आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "मला विचारू नकोस गं. त्याचीही आई आहे मी."

धाकटीने दादाला फोन लावला. बंद. माहीत असूनही आणखी दोनदा लावला. मग डॉक्टरांना बोलावलं आणि मास्क काढायच्या कागदावर सही केली. हातांच्या पट्ट्यांच्या गाठी तिने स्वतः सोडल्या. शिवणकाम करणारी बाई, दिवसाला शंभर टाके उसवणारी, पण त्या गाठींपुढे तिची नखं चालेनात.

धाप कमी करायचं औषध दिलं. बाबा तीन चमचे पाणी प्यायले, चौथा ओघळला. तिचा अंगठा त्यांनी मुठीत धरला होता. दोन वाजून दहा मिनिटांनी मूठ सैल झाली.

पावणेसातला दादा आला. खांद्यावर बॅग, पायांना सूज. चादरीकडे पाहून तो तिथल्या तिथे थिजला.

"किती वाजता?"

"दोन दहा."

त्याने मनाशी हिशेब केला. "तेव्हा मी जेवत होतो." मग म्हणाला, "मास्क होता ना?"

हो म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. आई तिच्याकडे बघत होती.

"नव्हता. मीच काढायला लावला. बाबांनी मागितलं म्हणून."

"मला शब्द दिला होतास."

"दिला होता. मोडला."

दादा तिच्या बाजूने वळसा घालून पलंगाशी गेला. बाबांच्या मनगटांवर पट्ट्यांचे लाल वळ होते. तो त्या वळांवर बोट फिरवत राहिला.

आठव्या दिवशी तो परत गेला. आता दर रविवारी आईला फोन करतो. धाकटी शेजारीच बसलेली असते. सुरुवातीला आई विचारायची, "तिला देऊ का?" हल्ली विचारत नाही.